‘किल बिल’: बिलने आपले मरण स्वतःहून पत्करले होते का?

गोदाकाठ (नांदेड)

सूडाच्या बहुतेक युद्धकलापटांत वैऱ्याला का मारायचे याचा उलगडा सुरुवातीलाच होतो आणि उरलेला सगळा वेळ त्याच्यापर्यंत कसे पोहोचायचे यात जातो. क्वेंटिन टॅरँटिनो यांच्या ‘किल बिल’मध्ये वैऱ्याच्या दारात पोहोचल्यावरच खरे प्रश्न सुरू होतात आणि त्यांतील काहींची उत्तरे शेवटपर्यंत मिळत नाहीत. पहिला भाग २००३ साली आणि दुसरा २००४ साली आला; मुळात हा एकच चित्रपट होता. आमच्या नांदेडच्या मित्रमंडळाने नुकतेच दोन्ही भाग लागोपाठ पाहिले आणि बिलच्या मृत्यूवरून जो वाद झाला तो काही मिटला नाही, म्हणून तो इथे मांडतो आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. बिअ‍ॅट्रिक्स ही बिलच्या मारेकरी टोळीतील अत्यंत तरबेज बाई आणि त्याची प्रेयसी. त्याचे मूल पोटात आहे हे कळताच ती कोणालाही न सांगता निघून जाते आणि टेक्सासमधील एल पासो इथे एका साध्या माणसाशी लग्न ठरवते. लग्नाची रंगीत तालीम चालू असताना बिलचे चार साथीदार, म्हणजे ओ-रेन, व्हर्निटा, एल आणि बिलचा भाऊ बड, तिथल्या सगळ्यांना मारतात आणि बिल स्वतः तिच्या डोक्यात गोळी घालतो. चार वर्षांनी ती कोमातून जागी होते तेव्हा पोटात मूल नसते. ते गेले असे समजून ती पाच नावांची यादी करते आणि एकेकाला गाठत जाते. शेवटी मेक्सिकोत बिलच्या घरी पोहोचल्यावर तिला दिसते की मुलगी जिवंत आहे, तिचे नाव बीबी आहे आणि बिलनेच तिला वाढवले आहे. त्याच रात्री ती बिलच्या छातीवरील पाच बिंदूंवर बोटांचे आघात करते. गुरू पाय मेई यांच्या या विद्येनुसार आघात झालेला माणूस पाच पावले चालला की त्याचे हृदय फुटते.

माझे म्हणणे असे आहे की बिलने हे मरण फार आधी मनाशी स्वीकारलेले होते. ती कोमात असताना एल परिचारिकेच्या वेषात विषाची सुई घेऊन तिच्या खाटेपाशी उभी असते, तेव्हा बिल फोन करून तिला परत बोलावतो, कारण झोपेत मारणे आपल्याला शोभणार नाही असे तो मानतो. पुढे बिअ‍ॅट्रिक्स ओ-रेनची सहकारी सोफी हिला मुद्दाम जिवंत सोडते, ती बिलला निरोप पोहोचावा म्हणून. निरोप पोहोचतो. बिल भावाला सावध करायला जातो, पण स्वतःच्या घरी एकही पहारेकरी ठेवत नाही. बिलला लहानपणापासून ओळखणारा म्हातारा एस्तेबान तिला त्याचा पत्ता देतो, आणि का देतोस असे विचारल्यावर सांगतो की बिललाही हेच हवे असेल, नाहीतर त्याला तुझी पुन्हा भेट कशी होणार. आघात झाल्यानंतर बिल संतापत नाही, पळत नाही, ओठावरचे रक्त टिपतो, मी कसा दिसतो असे विचारतो, उठतो आणि पाच पावले चालतो. ज्याच्यावर मरण अचानक कोसळले आहे असा माणूस इतक्या ठेहरावाने चालत नाही. डेव्हिड कॅरडीन यांनी हा प्रसंग ज्या शांतपणे केला आहे त्यातच त्या व्यक्तिरेखेचे उत्तर आहे असे मला वाटते. आपल्याला काय वाटते?

मांजरा (अंबाजोगाई)

गोदाकाठ सर, आपण पुरावे काळजीपूर्वक जमवले आहेत, पण त्यांतून निघणारा निष्कर्ष मला मुळीच मान्य नाही. ज्याने मरण पत्करले आहे असा माणूस दारात आलेल्या बाईसमोर खेळण्यातले पिस्तूल दिलेले चार वर्षांचे मूल उभे करत नाही. ती हातात खरी बंदूक घेऊन आत येते आणि बिल तिला खोट्या गोळीबाराच्या खेळात ओढतो. आपली मुलगी जिवंत आहे हे तिला त्या खेळाच्या मध्येच कळते, म्हणजे तो क्षणही बिलने स्वतः रचलेला असतो. पुढे तो तिला खरे बोलायला लावणाऱ्या औषधाची सुई मारतो, ते औषध भिनेपर्यंत अतिमानवांच्या कथांवर प्रवचन देतो आणि मग तिची उलटतपासणी घेतो. यात शरणागती कुठे आहे? शेवटी तलवार उपसली तीही खोटी नव्हती. तिने त्याचे पाते आपल्या म्यानात अडकवले नसते तर बीबीला दुसऱ्या दिवशी सकाळी आई दिसली नसती.

हत्याकांडाबद्दल तो स्वतःचे जे कारण सांगतो तेही तपासायला हवे. तो म्हणतो की तीन महिने मी तुझा शोक केला, तुला ज्यांनी मारले असेल त्यांना शोधायला निघालो आणि तू जिवंत, गरोदर, दुसऱ्याशी लग्न करत असलेली सापडलीस. तेव्हा माझा तोल गेला. तोल गेलेला माणूस रागाच्या भरात एकटा येतो. बिल आला तेव्हा आधी दारात बासरी वाजवत बसला, तिने वडील म्हणून ओळख करून दिली ती त्याने हसून निभावली, आत जाऊन शांतपणे बसला, आणि त्याचे चार साथीदार शस्त्रे घेऊन मागाहून चालत आले. हे चौघे काही त्या तालमीला आपसूक जमले नव्हते. त्यांना बोलावण्यात, हत्यारे जमवण्यात, वेळ ठरवण्यात जे दिवस गेले असतील त्यांत राग निवायला भरपूर अवधी होता. हा ठरवून केलेला खून आहे आणि पुढची सारी हळहळ त्याने त्यावर घातलेले पांघरूण आहे.

माझा मुख्य आक्षेप आणखी पुढचा आहे. बिलला मरायचेच होते असे एकदा मानले की ओकिनावापासून मेक्सिकोपर्यंतचा तिचा सारा प्रवास त्याच्या परवानगीने झाला असे ठरते. बडने जिवंत गाडलेली बाई शवपेटीच्या फळीवर मूठ आपटून, रक्ताळलेल्या हाताने माती उकरून वर येते, आणि आपण म्हणायचे की पलीकडे बसलेल्या माणसाने ते तिला बहाल केले होते? तिने जे मिळवले ते तिचे आहे.

दुधना (परभणी)

मी परभणीत मुलामुलींना कराटे शिकवतो, त्यामुळे माझे लक्ष बिलपेक्षा पाय मेईकडे अधिक गेले. पाय मेई ही विद्या कोणालाच शिकवत नाही असे बिल तिला शेकोटीपाशी बसून सांगतो. म्हणजे त्यालाही ती मिळालेली नव्हती. मग बायका आणि गोरे लोक या दोघांचाही तिरस्कार करणाऱ्या त्या म्हाताऱ्याने ती हिलाच का दिली? चित्रपट हे कधीच सांगत नाही आणि ती विद्या देतानाचा प्रसंगही दाखवत नाही.

माझ्या मते त्याचे उत्तर जेवणाच्या प्रसंगात आहे. पाय मेई तिला तीन इंचांच्या अंतरावरून जाड फळीवर ठोसे मारायला लावतो. दिवसभर मारून तिची बोटे इतकी सुजतात की भाताच्या वाटीपाशी काड्याही धरता येत नाहीत. ती हाताने खायला लागते तेव्हा तो तिला कुत्र्यासारखे खायचे असेल तर बाहेर जा म्हणून दटावतो. ती रडत नाही आणि उठूनही जात नाही. थरथरत्या बोटांनी पुन्हा काड्या उचलते. त्या वेळी पाय मेईच्या चेहऱ्यावर जे उमटते ते नीट पाहा. शिकवणाऱ्याला ही जागा ओळखू येते. वर्गात पन्नास मुले असतात, त्यांत पट्टा मिळवायला आलेली बहुतेक असतात. पण कातडी सोलली तरी तोच ठोसा पुन्हा नीट मारून पाहणारे एखादेच असते, आणि शेवटची गोष्ट शिक्षक त्याच्यासाठी राखून ठेवतो. बिलला पाय मेईकडून काय हवे असेल याची कल्पना येते, पण तो त्या म्हाताऱ्याच्या गोष्टी ज्या खुमारीने रंगवून सांगतो त्यावरून त्याला विद्येपेक्षा दंतकथेचे प्रेम जास्त होते असे दिसते.

याच दंतकथेतून बिलचा स्वभावही कळतो असे माझे मत आहे. एका शाओलिन भिक्षूने आपल्या नमस्काराला मान लववून उत्तर दिले नाही, एवढ्यावरून पाय मेईने मठातील साठ भिक्षू मारले, ही कथा बिल कौतुकाने सांगतो. पैठणच्या नाथांवर एक जण पुन्हा पुन्हा थुंकला आणि ते दर वेळी शांतपणे गोदावरीत स्नान करून आले, ही कथा ऐकत आपण वाढलो. बिल नेमकी उलटी कथा ऐकत आणि सांगत वाढला. एल पासोत त्याने जे केले ते त्या न मिळालेल्या नमस्काराचेच उत्तर आहे. म्हणून हत्याकांडाबाबत मी मांजराताईंच्या बाजूने आहे; शेवटच्या प्रसंगाबाबत मात्र नाही. आपल्याला नाकारलेली विद्या हिला मिळाली आहे हे बिलला कळते तेव्हा तो फक्त एवढेच विचारतो की हे तू मला आधी का सांगितले नाहीस. त्या प्रश्नात मत्सर नाही, दुखावलेपण आहे. गुरूचा खरा वारस कोण हे त्याला तिथे कळले आणि त्याने ते मान्य केले.

गोदाकाठ (नांदेड)

मांजराताई, तलवार उपसणे आणि मरण पत्करणे यांत मला विरोध दिसत नाही. बिलच्या जगात पराभव लढूनच स्वीकारायचा असतो. हात बांधून समोर बसला असता तर तो तिचाही अपमान ठरला असता. तो तिला समुद्रकाठी चांदण्यात किंवा सूर्योदयाला तलवारीने लढण्याचे सुचवतो, ते याच भावनेतून. मी असे म्हटलेले नाही की त्याने तिला विजय बहाल केला. ती जिंकली तर त्याची तक्रार असणार नव्हती एवढेच माझे म्हणणे आहे, आणि तिच्या पराक्रमातून त्यामुळे काही वजा होत नाही.

बालाघाट (बीड)

बिलविषयी दोन्ही बाजू बोलत आहेत, पण या चित्रपटातला सर्वांत न उलगडलेला माणूस बड आहे असे मला वाटते. बिल त्याला भेटायला येतो तेव्हा बड एका कळकट क्लबात दारावर उभा राहण्याची नोकरी करतो, मालकाच्या शिव्या खातो आणि संडास तुंबला तर तोही त्यालाच साफ करावा लागतो. हांझो या जपानी कारागिराने घडवलेल्या तलवारीचे काय केलेस असे भावाने विचारल्यावर तो सांगतो की एल पासोत अडीचशे डॉलरला गहाण टाकली. त्या बाईला सूड घेण्याचा हक्क आहे आणि आपण मरायलाच योग्य आहोत, असे म्हणणारा या पाच जणांत तो एकटाच आहे. पुढे त्याच्या मृत्यूनंतर बिअ‍ॅट्रिक्सला त्याच्या फिरत्या घरात गोल्फच्या पिशवीत ती तलवार सापडते. तिच्यावर बिलने कोरून घेतले आहे की माझा भाऊ बड, ज्याच्यावर मी प्रेम केले असा एकमेव पुरुष. म्हणजे बड खोटे बोलला होता.

का बोलला? दहा लाख डॉलरसाठी तो बिअ‍ॅट्रिक्सची तलवार एलला विकायला निघतो, पण आपली तलवार, जी विकून तो त्या क्लबातून कधीच बाहेर पडला असता, ती सगळ्या दारिद्र्यातही विकत नाही. माझ्या मते ती हातात धरण्याची आपली लायकी उरली नाही असे त्याला वाटते, आणि भावाला मात्र हे कळू द्यायचे नाही. भावाने दिलेली वस्तू आपण कवडीमोल केली असे सांगून बिलला दुखावणे त्याला परवडते. आपण ती अजून जपून ठेवली आहे हे कबूल करणे परवडत नाही. भाऊ-भावांचे असे अबोले ज्यांनी घरात पाहिले आहेत त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

त्याने तिला पुरताना दिलेली विजेरीही मला अशीच छळते. ती ओरडली तर डोळ्यांत तिखट फवारा मारीन, शांत राहिली तर ही विजेरी घेऊन खाली जा, असा पर्याय तो तिच्यापुढे ठेवतो. सूड घेण्याचा हक्क मान्य असलेल्या माणसाने तिला जिवंत का गाडावे, आणि गाडायचेच तर उजेड का द्यावा? मला वाटते, तिला मारण्याचे काम त्याने अर्धवट मनाने केले. बाहेर पडायची एक फट तिच्यासाठी ठेवली.

मांजरा (अंबाजोगाई)

बालाघाट सर, तलवारीबद्दल आपण जे लिहिले आहे ते फार सुंदर आहे आणि त्यावर माझे काहीच म्हणणे नाही. विजेरीवर मात्र आहे. बड एलशी फोनवर सौदा करतो तेव्हा एलची अटच असते की ती शेवटच्या श्वासापर्यंत तडफडली पाहिजे, आणि बड त्याची हमी देतो. जिवंत गाडणे हा त्या सौद्याचा भाग आहे. अंधारात लवकर शुद्ध हरपेल, उजेडात पेटीचे झाकण डोळ्यांसमोर दिसत राहील. विजेरी तडफड लांबवते. शिवाय पेटीत टाकताना तो काय म्हणतो ते आठवा: माझ्या भावाचे काळीज मोडलेस त्याबद्दल हे. इथे त्याला तिचा हक्क आठवत नाही, भावाचे दुःख आठवते.

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

सर्वांचे लेखन वाचताना आनंद झाला, पण एक मूलभूत शंका मांडतो. आपण या पात्रांच्या मनात जितके खोल उतरतो आहोत तितके ते मन मुळात रचलेले आहे का? हा चित्रपट हाँगकाँगच्या आणि जपानच्या जुन्या चित्रपटांवरच्या प्रेमातून उभा राहिला आहे. पाय मेई हे पात्र टॅरँटिनो यांचे नाही. शॉ ब्रदर्सच्या १९७७ च्या ‘एक्झिक्यूशनर्स फ्रॉम शाओलिन’मध्ये लो लिए यांनी तो खलनायक म्हणून रंगवला होता. इथे तो साकारणारे गॉर्डन लिऊ हे त्याच परंपरेतले नट. १९७८ साली ‘शाओलिनच्या छत्तिसाव्या कक्षा’त त्यांनी सूडाच्या इच्छेने मठात आलेला विद्यार्थी केला होता. हांझोची भूमिका करणाऱ्या सनी चिबा यांनी त्याच नावाचे पात्र जपानी दूरचित्रवाणीवर आधीच केले होते. ओ-रेनच्या बर्फातल्या द्वंद्वामागे १९७३ ची ‘लेडी स्नोब्लड’ उभी आहे आणि त्या चित्रपटाचे गाणेही इथे वाजते.

या परंपरेत गुरूने एकाच शिष्याला गुप्त विद्या द्यायची असते, शेवटचा वैरी शांतपणे मरायचा असतो, गाडलेला माणूस वर यायचा असतो. हे त्या प्रकाराचे नियम आहेत. मग पाय मेईने ती विद्या का दिली याचे खरे उत्तर ‘शेवटच्या प्रसंगासाठी ती लागणार होती म्हणून’ असेच नाही का? कीर्तनकाराला आख्यान जसे परंपरेने मिळते तशा या गोष्टी दिग्दर्शकाला मिळाल्या आहेत. त्यांच्या मांडणीचा आनंद घ्यावा. त्यांच्यावर मानसशास्त्राचे ओझे टाकू नये असे मला वाटते.

दुधना (परभणी)

खामकाठ सर, आपण ज्या १९७७ च्या चित्रपटाचे नाव घेतले त्याचाच आधार घेऊन उत्तर देतो. त्यात नायक व्याघ्रशैलीने पाय मेईशी लढतो, वर्षानुवर्षे तयारी करतो आणि तरीही हरतो. त्याचा मुलगा जिंकतो, कारण तो वडिलांच्या व्याघ्रशैलीला आईच्या क्रौंचशैलीची जोड देतो. म्हणजे जिथे आपण फक्त नियम पाहता आहात तिथे आईकडून काय आले आणि वडिलांकडून काय आले, हा प्रश्न त्या परंपरेने स्वतःच विचारलेला आहे. ‘किल बिल’चा शेवट एका मुलीवर कोणाचा वारसा चालणार यावरच येऊन थांबतो. हे योगायोगाने झाले असे मी मानत नाही. आणि कीर्तनकाराचे म्हणाल तर आख्यान परंपरेचे असले तरी निरूपण त्याचे असते. लोक ऐकायला जातात ते निरूपणासाठी.

मांजरा (अंबाजोगाई)

आता गोदाकाठ सरांच्या पहिल्या पुराव्याकडे येते, कारण त्यांच्या बाजूचा तोच सर्वांत भक्कम आधार आहे आणि त्याला अजून कोणी हात लावलेला नाही. झोपेतल्या शत्रूला मारायचे नाही म्हणून बिल एलला परत बोलावतो. महाभारतातले सौप्तिक पर्व इथे आठवल्याशिवाय राहत नाही. अश्वत्थामा रात्री पांडवांच्या छावणीत शिरायला निघतो तेव्हा कृपाचार्य त्याला सांगतात की निजलेल्यांना मारणे हा धर्म नव्हे. तो ऐकत नाही. मग काय होते? कृपाचार्य कृतवर्म्यासह छावणीच्या दारात उभे राहतात आणि जे जीव घेऊन बाहेर पळतात त्यांना कापतात. आतमध्ये द्रौपदीचे पाचही पुत्र मारले जातात. तो आधीचा आक्षेप त्या रात्री कोणाच्याही कामी आला नाही.

बिलची युद्धनीती मला याच जातीची वाटते. झोपेत मारणे त्याला हीन वाटते, पण निःशस्त्र, गरोदर, मार खाऊन जमिनीवर पडलेल्या बाईच्या डोक्यात गोळी घालणे वाटले नाही. हे तुझे मूल आहे एवढे शब्द तिने उच्चारले आणि गोळी सुटली. लग्नाला आलेली साधी माणसे आणि पेटीवादक यांच्याशी तर त्याचे कसलेच वैर नव्हते. तेव्हा रुग्णालयातल्या त्या फोनमागे तिच्याविषयीचा आदर मला दिसत नाही. स्वतःच्या नजरेत आपण योद्धे राहावे ही काळजी दिसते. तो एलला जे सांगतो त्यातही हेच आहे: असे केल्याने आपण खाली उतरू. सगळा भर आपण काय ठरू यावर आहे. तिचे काय, हा विचार तिथे नाही.

बालाघाट (बीड)

व्हर्निटाच्या मुलीबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. स्वयंपाकघरात आईला मारताना निकी दारात उभी असते, आणि बिअ‍ॅट्रिक्स तिला सांगते की मोठी झाल्यावर हे सलत असेल तर ये, मी वाट पाहीन. आमच्याकडे बांधावरून झालेल्या एका खुनाचे वैर नातवांपर्यंत चालत येते, आणि ज्याला बांध कुठे होता हेही ठाऊक नसते तो तुरुंगात जातो. निकीचे तसेच होणार हे उघड आहे. ओ-रेनचेही तेच झाले होते. नवव्या वर्षी पलंगाखालून आईवडिलांचा खून पाहिलेली ती मुलगी अकराव्या वर्षी सूड घेते आणि पुढे टोकियोच्या गुन्हेगारांची प्रमुख होते. तिने एल पासोत भाग का घेतला याचे कारण मात्र चित्रपट देत नाही. ते द्यावेसे त्याला वाटले नाही, कारण इतक्या लहानपणी मारायला शिकलेल्या माणसाला कारण लागत नाही, असे माझे वाचन आहे.

एलबद्दल सांगायचे तर, दुसरा डोळाही गमावून ती विषारी सापासह त्या फिरत्या घरात राहते आणि श्रेयनामावलीत मेलेल्यांच्या नावांवर काट मारलेली असताना तिच्या नावापुढे प्रश्नचिन्ह येते. तिच्या जगण्यामरण्यावर वाद घालण्यात मला फारसा रस नाही. बड मरत असताना तीच सांगते की माझ्या पाहण्यातली सर्वांत मोठी योद्धा तुझ्यासारख्याच्या हातून मेली याचे मला दुःख आहे. या वाक्यात ती पूर्ण उलगडते.

गोदाकाठ (नांदेड)

एक प्रश्न मांजराताईंना विचारायचा आहे. बिअ‍ॅट्रिक्सचा सूड मेलेल्या मुलीसाठी होता. मुलगी जिवंत आहे हे कळले तेव्हा सूडाचे निम्मे कारण संपले. तरीही मुलीला झोपवून ती खाली येते आणि बिलला मारते. त्या सुईच्या अमलाखाली बिल तिला विचारतो की माझ्यापर्यंत येताना मारलेल्या प्रत्येकाला मारताना बरे वाटले ना, आणि ती हो म्हणते. एल पासोतले साधे आयुष्य टिकले असते का असे विचारतो, तर ती नाही म्हणते. म्हणजे तू जन्मजात मारेकरी आहेस हे बिलचे म्हणणे तिच्याच तोंडून सिद्ध होत नाही का? मग शेवटी जे घडते तो न्याय कसा मानायचा?

मांजरा (अंबाजोगाई)

ती नाही म्हणते ते खरे, पण पुढे लगेच म्हणते की तरी माझी बीबी माझ्याजवळ असती. उत्तराचा हा दुसरा भाग बिलने ऐकला नाही आणि आपणही गाळला आहे. आपण पळून का गेलो हेही ती त्यानंतर सांगते: गरोदर असल्याचे कळण्यापूर्वी मी तुझ्यासाठी काहीही केले असते, त्यानंतर नाही, कारण तू तिच्यावर हक्क सांगितला असतास आणि ती जन्मतःच तुझ्या जगात आली असती. मारताना तिला बरे वाटले हे ती नाकारत नाही. आपल्या मुलीला मात्र तसे कधी वाटू नये एवढेच तिला हवे आहे.

आणि ती भीती किती खरी होती हे बिलच्या घरातच दिसते. मुलीसाठी पावाच्या कडा मोठ्या सुरीने कापत तो आईला सांगतो की हिने आपला सोनमासा पायाखाली चिरडला आणि त्याची तडफड थांबल्यावर मरण म्हणजे काय ते हिला कळले. एवढ्याशा मुलीचा तो पहिला धडा. झोपण्यापूर्वी ती आईजवळ बसून जो चित्रपट पाहते तो आहे १९८० चा ‘शोगन अ‍ॅसासिन’, ज्यात एक सामुराई आपल्या तान्ह्या मुलापुढे चेंडू आणि तलवार ठेवतो आणि मूल तलवारीकडे जाते. बिलने बीबीपुढेही तेच मांडून ठेवले होते, फक्त चेंडू तिथे नव्हता. म्हणून मुलगी जिवंत आहे हे कळल्यावर कारण संपले असे मी मानत नाही. उलट तोवर जो सूड होता त्याला तिथे खरे कारण मिळाले. बिल जिवंत असेपर्यंत ती मूल घेऊन कुठेही गेली असती तरी तो आला असता, जसा एल पासोला आला.

गोदाकाठ (नांदेड)

हा मुद्दा मी मोकळेपणाने घेतो, पण चित्र पुरते करण्यासाठी दुसरी बाजूही तिथेच आहे. बिलने बीबीला आईविषयी सांगितले होते की ती झोपली आहे. मुलीने तिची वाट पाहिली आणि भेट होताच तिला विचारले की झोपेत तुला माझी स्वप्ने पडायची का. ज्याला मुलीवर एकट्याचाच हक्क हवा असतो तो तिच्या मनात आई अशी जागती ठेवत नाही. मी मम्मीला गोळी घातली हेही तो मुलीसमोर बोलून दाखवतो, आणि काही गोष्टी एकदा केल्या की परत घेता येत नाहीत हे मला तेव्हा कळले, असे सांगतो. हे ऐकायला मुलीची आई समोर बसलेली आहे. हा कबुलीजबाब तिच्यासाठी आहे आणि त्यानंतर बिलला जगण्याची फारशी ओढ उरलेली नाही, या माझ्या मतावर मी ठाम आहे.

मांजरा (अंबाजोगाई)

कबुलीजबाबात गुन्हा असतो आणि गुन्ह्याचे कारणही असते. बीबीने त्याला विचारले की काय होते ते बघायला गोळी घातलीस का. तो म्हणाला, मम्मीचे काय होणार हे मला ठाऊक होते. माझे काय होणार हे ठाऊक नव्हते. मग मला फार वाईट वाटले. पुन्हा सगळे त्याच्याचविषयी आहे. गोळी का घातली, हे तो मुलीला अखेरपर्यंत सांगत नाही. बीबी मोठी होऊन ते विचारील तेव्हा सांगायला बिअ‍ॅट्रिक्सच उरली आहे, आणि तिने सांगितलेल्या हकिकतीत त्या दिवशी तालमीला आलेली माणसेही असतील, ज्यांचा उल्लेख बिलच्या तोंडी एकदाही दुःखाने येत नाही.